सतरा इंच, वर दोन सुतं

कोणाचा विश्वास बसणार नाही, हे त्यानं दारातच सांगून टाकलं. खांद्यावरची लांबलचक पिशवी अजून उतरवलीही नव्हती. "बाई, इतकी वर्षं तुम्ही वाद्यं दुरुस्त करताय, लोकांनी काय काय सांगितलं असेल तुम्हाला. पण मी सांगतो ते ऐकलेलं नसणार. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. ही गिटार वाढतेय."

गिटारवाली हसली नाही. तिच्या हातात एक चिमुकली कानस होती. ती तिनं फडक्याला पुसली, खिळ्याला अडकवली आणि विचारलं, "लांबीत की जाडीत?"

झाली पंचाईत. तीन जिने चढताना हसण्याला द्यायची उत्तरं त्यानं घोळून ठेवली होती, त्यातलं एक तर स्वतःशीच वाहवा म्हणावी इतकं झकास जमलं होतं; पण या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. थापा मारणाऱ्याला समोर अविश्वास लागतो. भिंत असली तर चेंडू परत येतो. इथे चेंडू टाकला आणि तो कुणीतरी अलगद झेलून खिशातच घातला. "दोन्हीकडून," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला ते पटलंही. "पण मुख्य म्हणजे जाडीत. मान बघा तिची. एकतीस वर्षं या मुठीत मावत होती, आता मावत नाही. एक सूत तासून द्या. आज दिलीत तर बरं. पंधरवड्यानं आमचा नवा कार्यक्रम आहे."

"ठेवा इथे," ती म्हणाली. टेबलावर बुचाचं जाड पान अंथरलेलं होतं आणि चामड्यानं मढवलेली एक लाकडी उशी होती. त्या उशीवर गिटारची मान टेकली तेव्हा त्याला उगाचच दवाखान्याची आठवण झाली आणि त्यानं ती झटकून टाकली, कारण दवाखाना हा शब्द गेले चार महिने त्याची बायको घरात वेगवेगळ्या कपड्यांत आणून उभा करत होती, कधी चुलतभावाच्या गुडघ्याच्या निमित्तानं, कधी शेजारणीच्या डोळ्यांच्या, आणि दर वेळी तो त्या पाहुण्याला दारातूनच वाटेला लावत होता.

तशी त्याची ख्यातीच होती. ड्रमवाल्यानं त्याचं नाव थापेश्वर ठेवलं त्याला सव्वीस वर्षं झाली असतील. ऑर्केस्ट्रात नवीन कोणी आला की पहिल्या चहाला थापेश्वर सांगायचा, की एकदा एका हॉटेलात त्यानं इतका खालचा सूर धरला की चौथ्या मजल्यावरची लिफ्ट आपली आपण खाली आली आणि आतला माणूस म्हणाला, मला बोलावलंत का? नवा माणूस हसायचा, जुने कपाळाला हात लावायचे, आणि थापेश्वर मिशीत हसत गिटार लावायला घ्यायचा. बास गिटारच ती, चार जाड तारांची. तिचं काम म्हणजे घराखालच्या पायाचं. गाणारीकडे सगळे बघतात, सॅक्सोफोनवाल्याला टाळ्या पडतात, बासकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. थांबली की मात्र सगळ्यांना एकदम पायाखाली पोकळ लागतं. अशा माणसानं चहाच्या वेळेला चार थापा मारल्या तर काय बिघडलं? कुठेतरी त्याचाही आवाज वर यायला हवाच की.

पण मंगळवारी जे झालं ते चहाच्या वेळेला झालं नाही. तालमीच्या खोलीत दुपारचं ऊन खिडकीच्या गजांतून फरशीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं, आणि नव्या कार्यक्रमातलं तिसरं गाणं चाललं होतं. एका वळणावर त्याच्या डाव्या करंगळीला पलीकडच्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या त्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, पोचायचं होतं. हजारो वेळा पोचली होती ती. मंगळवारी त्यानं तिला पाठवली आणि ती निघालीच नाही. म्हणजे निघाली, पण झोपेतून उठवलेल्या माणसासारखी, चप्पल शोधत. सूर उशिरा आला. किती उशिरा? केसभर. गाणारीला कळलं नाही, सॅक्सोफोनवाल्याला कळणं शक्यच नव्हतं. पण त्याच क्षणी त्याला ऐकू आलं, की ड्रमवाल्याचा पायसुद्धा केसभर उशिरा पडला. चुकून नाही. पाय थांबला होता. सव्वीस वर्षांत घड्याळाला लाजवणारा तो पाय हवेत थांबला, करंगळी येईपर्यंत थांबला, आणि मग दोघं मिळून असे पडले की जणू ठोका तिथेच होता. गाणं संपल्यावर ड्रमवाल्यानं त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. एखादी शिवी हासडली असती तर त्याहून बरं. तो आपला झांजेचा नट पिळत बसला, घट्टच असलेला. आणि थापेश्वरानं, कोणी काही विचारलेलं नसताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ही गिटार वाढायला लागलीय लेको." सगळे हसले. ड्रमवाला जरा जास्तच हसला.

गिटारवालीनं आता पंखा बंद केला होता. माप घेताना ती पंखा बंद करायची. वाऱ्यानं काही होत नाही, पण तिला आवडत नाही, असं ती म्हणाली. पंखा थांबल्यावर खोलीतली शांतता फिरायची थांबून खाली बसली. सरसाचा आणि ताज्या भुशाचा वास होता. भिंतीवर रंधे लहानमोठ्या क्रमानं टांगलेले होते, एखाद्या कुटुंबाच्या फोटोसारखे, आणि त्यातला मधला रंधा, बहुधा आपल्या कामाचा, त्याच्याकडे पाहत होता. ती वाकून एक डोळा मिटून गिटारच्या बुडापासून वरपर्यंत मानेवरून नजर टाकत होती. मग तिनं प्रत्येक फ्रेटवरून अंगठ्याचं नख ओढत नेलं. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी ती थबकली. इतर फ्रेट तारांखाली घासून चकचकीत झाले होते. चौथ्यावर, बारीक तारेखाली, हिरवट पापुद्रा धरला होता, न वापरलेल्या चमच्यावर धरतो तसा.

"इकडे येणं होत नाही का हल्ली?" तिनं विचारलं.

"येतो की. रोज येतो."

"बरं," ती म्हणाली. नख पुढे सरकलं.

त्या "बरं"मध्ये त्याला काहीतरी ओळखीचं ऐकू आलं. शब्द नव्हे, शब्दाची गादी. ज्यावर माणूस पडला तरी लागू नये अशा बेतानं अंथरलेला शब्द. कुठे ऐकलं होतं? तो आठवायला गेला आणि दुपारच्या त्या बसलेल्या शांततेत, खुर्चीच्या उबेत, त्याचे डोळे जरा जड झाले. गेले काही दिवस तो जागेपणीही असाच तरंगायचा. दुपारी पलंगावर पडला की कोपऱ्यातल्या पिशवीत गिटार वाढताना त्याला ऐकू यायची. थाप नव्हे, म्हणजे सुरुवातीला थापच होती, पण ती इतक्या जणांना सांगून झाली होती की आता तिला स्वतःचे पाय फुटले होते. लाकूड बारीक कुरकुरायचं, भेंडीच्या शेंगेसारखी मान हळूच लांबायची, पिशवीची चेन आतून उघडायची. मग ती खिडकीतून बाहेर निघायची, रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत शिरायची, आणि तिथल्या बायका तिच्या चार तारांवर कपडे वाळत घालायच्या, चिमट्यांसकट. आणि त्याला वाजवायचं असायचं. डावा हात एकटाच निघायचा, दोन बोटांवर चालत, एखाद्या म्हाताऱ्या पोस्टमनसारखा. एकेक फ्रेट म्हणजे एकेक पायरी, चढता चढता दुपार कलायची आणि हात विचारायचा, अजून किती हो? वाळत घातलेल्या शर्टातून कोणीतरी म्हणायचं, हे काय, पोचलातच. पोचलेला कधीच नसायचा. पण ते म्हणणं इतकं गोड असायचं की हात पुढे चालत राहायचा.

हां. चपलाबुटांचं दुकान. तिथे ऐकला होता तो शब्द. त्याची आई चपलाबुटांच्या दुकानात कामाला होती, मालकाच्या नव्हे, गिऱ्हाइकांच्या पायाशी. शाळा सुटली की तो तिथे जाऊन खोक्यांच्या मागे बसायचा, आणि त्याला दुकानातलं जग गुडघ्यांपासून खालीच दिसायचं. आईच्या हातात पाय मोजायची लाकडी पट्टी असायची, टाचेला एक अडणी, पुढे सरकणारी दुसरी. म्हाताऱ्या बायका यायच्या, सुजलेली पावलं कशीबशी पट्टीवर ठेवायच्या आणि आधीच सांगून टाकायच्या, "मला पाच नंबर लागतो हं, लग्नापासून पाचच." आई सरकती अडणी बोटांना भिडवायची, आणि तिचा अंगठा बरोब्बर आकड्यावर पडायचा. "पाच," ती म्हणायची, "अगदी पाच. पण या कंपनीचं काही खरं नाही बघा आजी, लहान बनवतात मेले. तुम्ही जरा सहाचा घालून बघा." आजी सहाचा घालायची, चार पावलं चालायची आणि म्हणायची, "कंपनीचंच चुकलं म्हणायचं." "बरं," आई म्हणायची. तेच "बरं". खोक्यांमागे बसल्या बसल्या त्यानं आयुष्यातली पहिली विद्या शिकून घेतली, की पाय कधीच वाढत नसतो. बूट लहान होतो.

एकदाच कुणीतरी ते मोडलं होतं. निवृत्त पोस्टमन होता, ताडमाड, पायी गाव पालथा घातलेला. आईनं "आठ" म्हटलं आणि तो वरून म्हणाला, "बाई, अंगठा काढा." दुकानात सगळे थांबले. खोक्यांमागच्या पोराला वाटलं, केवढा उद्धट माणूस. आईनं अंगठा काढला. पोस्टमन वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला, जुन्या ओळखीचं पत्र आल्यासारखा. मग म्हणाला, "दहा तर दहा. बांधा." आई लाजेल असं पोराला वाटलं होतं, पण तिचा चेहरा, त्याला आता चमत्कारिक स्पष्ट आठवला, तिचा चेहरा असा झाला होता की कोणीतरी तिच्या हातातली जड पिशवी न सांगता उचलून घेतली.

"काका," गिटारवाली म्हणाली, "जरा हात बघू."

त्यानं उजवा पुढे केला.

"डावा."

"हाताचं काय काम आहे? आजारी ती आहे." पण त्यानं डावा दिव्याखाली धरला, कारण न धरणं म्हणजे कबुलीच झाली असती. तिनं हात धरला नाही, फक्त मानेशेजारी ठेवायला लावला, आणि पट्टीनं करंगळीपर्यंतचं अंतर पाहिल्यासारखं केलं. करंगळी टेबलावर पडून होती, ऐकत नसल्यासारखी, आतल्या बाजूला किंचित वळून. तो तिच्याकडे पाहायचं टाळत होता म्हणून त्याची नजर मनगटावर गेली. दिवा प्रखर होता. धातूवरचा केसासारखा ओरखडासुद्धा दिसावा असा. त्या उजेडात त्याला बाहीचं काज दिसलं. शर्ट पांढरा, काजाचा दोरा पांढरा. पण काजाच्या एका टोकाला दोन-तीन टाके जरा निराळ्या पांढऱ्याचे होते, जरा नवे. त्यानं दुसऱ्या बाहीकडे पाहिलं. तिथेही तसेच. मग हळूच हनुवटी छातीला लावून पुढची काजं पाहिली. पहिलं, दुसरं, तिसरं. सगळी उसवून, दाणाभर मोठी करून, पुन्हा शिवलेली.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी बटणं लागेनात तेव्हा तोच करवादला होता. बायको दारात येऊन उभी राहिली होती. "हाताला काय होतंय तुमच्या?" "हाताला काय धाड भरलीय! काजंच आवळली आहेत सगळी, धुण्यानं. तुझा तो साबण." आठवड्याभरानं बटणं लागायला लागली, आणि तो आरशासमोर शीळ घालत म्हणाला होता, "बघ, म्हटलं नव्हतं?" आणि ती म्हणाली होती... काय म्हणाली होती? "बरं," म्हणाली होती. घरात शर्ट सात. प्रत्येकाला काजं सात-आठ. दुपारी, तो तालमीला गेल्यावर, खिडकीपाशी बसून, चष्मा नाकावर, एकेक काज. साबणाला शिव्या खाऊ देऊन.

"जाडीचं नाही हे," गिटारवालीचा आवाज आला. ती आता रंध्याजवळ उभी होती, पण तिनं तो खिळ्यावरून काढला नव्हता. "मानेच्या आत लोखंडी गज असतो काका. एक सूत तासलं तर तो पाठीतून वर येईल. मान कमकुवत होईल, तारांच्या ताणानं वाकेल. आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे, तरी तासायची?"

एकतीस वर्षांची मान उशीवर पडली होती, जिथे त्याचा अंगठा टेकायचा तिथे पॉलिश झिजून आतलं लाकूड तळहातासारखं उघडं झालेलं. तासली तर कोणी म्हणू शकणार नव्हतं की दोष गिटारचा नव्हता. भुसाच साक्ष देईल. तासली नाही तर पंधरवड्यानं ते तिसरं गाणं, ते वळण, आणि हवेत थांबलेला तो पाय. एकदा थांबेल, दोनदा थांबेल. मग गाणारी म्हणेल, तिच्या ओळखीचा एक तरुण आहे, फार गुणी, नुसता बसेल तालमीला. त्याला ते वाक्यसुद्धा पाठ होतं. कधीतरी त्यानंच ते कुणाबद्दल तरी म्हटलं होतं.

"तासा," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग हाताकडे, मग बाहीच्या काजाकडे, निदान त्याला तसं वाटलं. आणि ती रंध्याऐवजी लांब पोलादी पट्टी घेऊन आली. "तासते. पण आधी लांबी बघू. तुम्ही म्हणालात ना, दोन्हीकडून वाढतेय." गिटारची लांबी कधी पूर्ण मोजत नाहीत, वरच्या हाडाच्या पट्टीपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजतात आणि दुप्पट करतात, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर असतो. या जातीच्या बासला तो सतराव्या इंचावर. हे त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं, बनवणाऱ्याला माहीत होतं, आणि बहुधा गिटारलाही माहीत असावं. तिनं पट्टी तारांखालून अलगद सरकवली, टोक हाडाला टेकवलं, आणि बाराव्या फ्रेटवर वाकली.

"अगं बाई," ती म्हणाली. खरंच चकित झाल्यासारखी. "सतरा इंच, वर दोन सुतं. म्हणजे पाव इंच. दुप्पट केलं की सगळी मिळून अर्धा इंच वाढलीय."

त्याच्या छातीत काहीतरी उबदार वितळलं. खोली जराशी तरंगली. वाढली होती. पोलादी पट्टी सांगत होती, वाढली होती. लिफ्ट खाली आली होती, आतला माणूस विचारत होता, मला बोलावलंत का? तो उद्या तालमीला जाऊन सांगणार होता, अर्धा इंच, मोजून, त्या बाईनं स्वतः. बायकोला सांगणार होता. साबणाचंही मग खरंच ठरणार होतं.

"मग तासून काय उपयोग?" गिटारवाली हलकेच म्हणत होती. "लांबीचा दोष जाडी काढून कसा जाईल? मान आहे तशी राहू दे. मी पातळ तारा चढवते, तारा जरा खाली बसवते, हाताला कमी जोर लागेल. चौथ्या फ्रेटवरचा तो सूर तुम्ही खाली न घेता वरून घ्या, शेजारच्या जाड तारेवर. तोच सूर तिथे आहे. करंगळी लागणार नाही. कोणी विचारलं तर सांगा, गिटार वाढलीय, बाईनं मोजलीय."

सगळं कसं छान बसत होतं. मान वाचत होती, तो वाचत होता, कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. त्यानं मान डोलावली, आणि डोलावता डोलावता त्याची नजर पट्टीवर गेली. दिवा प्रखर होता. पट्टीवरचा सोळा दिसत होता. अठरा दिसत होता. सतराच्या जागी तिचा अंगठा होता, भुशानं पिवळा झालेला, बाराव्या फ्रेटला चिकटून, कोणाला लागू नये अशा बेतानं ठेवलेला.

त्याला वाटलं आपण खोक्यांच्या मागे बसलो आहोत. मग वाटलं, नाही, आपण वर आहोत, फार वर, ताडमाड, आणि खाली कोणीतरी गुडघे टेकून बसलं आहे, किती वर्षं, सगळ्यांची सुजलेली पावलं हातात घेऊन. टेबलावरची करंगळी अजून आत वळलेलीच होती. त्यानं ती उजव्या हातानं उचलून सरळ केली. सोडल्यावर ती पुन्हा वळली. या वेळी तो तिच्याकडे नीट पाहत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "अंगठा काढा."

"कशाला काका? दोन सुतं म्हटलं ना मी."

"अंगठा काढा." त्याचा आवाज त्याला स्वतःलाच खूप खालून आल्यासारखा वाटला, चौथ्या मजल्यापर्यंत पोचेल असा. "खोटं बोलताय तुम्ही. गिटार कधी वाढत असते का?"